कॅलिफोर्नियात गाडी घेताय? टायटल, रजिस्ट्रेशन आणि त्या बिलातले पैसे कुठे जातात

बाबा जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागातून निवृत्त झालेले. ते सनीव्हेलला आमच्याकडे राहायला आले होते तेव्हा गाडीच्या रजिस्ट्रेशनची नोटीस टपालाने आली. मी तळाची रक्कम बघून कार्ड काढलं, तर त्यांनी कागद हातातून घेतला. "बेरीज काय बघतेस, लेखाशीर्षं बघ," म्हणाले. बॉलपेनने प्रत्येक ओळीपुढे बारीक टिंब देत ते विचारत गेले, "ही रक्कम कुणाच्या खात्यात जमा होते? आणि ही?" आपल्याकडे महाराष्ट्रात गाडी घेताना वाहन कर एकदाच भरायचा, पंधरा वर्षं पुन्हा विचार नाही. इथे दरवर्षी बिल, त्यात सात-आठ ओळी, आणि मला एकीचंही उत्तर येत नव्हतं.

पुढचा आठवडाभर आम्ही दोघांनी ते बिल ओळीओळीने उलगडलं. त्याचा फायदा असा झाला की कुठली रक्कम गाडी जुनी होईल तशी कमी होते, कुठली कधीच कमी होत नाही, कुठली आयकरात दाखवता येते आणि रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल कुणाला धरायचं, हे सगळं एका कागदावर आलं. नव्याने आलेल्या मराठी मंडळींना ते आयतं मिळावं म्हणून हे लिहिते आहे. यातलं सगळं कॅलिफोर्नियापुरतं खरं आहे. टेक्सास, न्यू जर्सी, वॉशिंग्टन या प्रत्येक राज्याची पद्धत वेगळी, तेव्हा तिकडच्या मित्राचा सल्ला इथे लावू नका.

१. टायटल आणि रजिस्ट्रेशन यात गल्लत करू नका

आपल्या डोक्यात आरसी बुक असतं, आणि मालक कोण व गाडी रस्त्यावर चालवायला परवानगी आहे का, या दोन्ही गोष्टी त्यावरच असतात. इथे त्यांचे दोन कागद. टायटल म्हणजे मालकीचा दाखला. लोक त्याला 'पिंक स्लिप' म्हणतात. कागद आता गुलाबी राहिलेला नाही, नाव टिकलं आहे. ते घरी जपून ठेवायचं, गाडीत कधीच ठेवायचं नाही. रजिस्ट्रेशन म्हणजे यंदा ही गाडी रस्त्यावर आणायची परवानगी. त्याचा कागद गाडीत हवा आणि त्याचा स्टिकर मागच्या नंबर प्लेटवर.

पैशांच्या बाजूनेही हा फरक महत्त्वाचा. टायटल नावावर करण्याची फी एकदाच आणि किरकोळ असते. मोठी रक्कम दोन ठिकाणी जाते: घेताना यूज टॅक्सला (हा विक्रीकरच, मुद्दा ४ बघा) आणि नंतर दरवर्षी रजिस्ट्रेशनला.

२. कागद आधी जमवा

खासगी माणसाकडून जुनी गाडी घेत असाल तर डीएमव्हीत (राज्याचं मोटार वाहन खातं, आपल्या आरटीओसारखं) जाण्याआधी एवढं हातात हवं:

- विकणाऱ्याने सही केलेलं मूळ टायटल. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचीही सही.
- गाडी किती मैल चालली आहे ते. टायटलवर त्यासाठी जागा असते, तिथे खाडाखोड चालत नाही.
- स्मॉग तपासणीचा, म्हणजे गाडीच्या धुराच्या प्रदूषण तपासणीचा दाखला. तो ९० दिवस चालतो.
- विक्रीची पावती: तारीख, किंमत आणि दोघांच्या सह्या.
- विम्याचा पुरावा. १ जानेवारी २०२५ पासून इथल्या किमान विम्याच्या रकमा दुपटीने वा त्याहून जास्त वाढल्या. जुन्या ओळखीच्याने सांगितलेले आकडे धरू नका.

नावावर करायला खरेदीपासून दहा दिवस मिळतात. विकणाऱ्याने पाच दिवसांच्या आत डीएमव्हीला 'गाडी विकली' असं कळवायचं असतं. दुसऱ्या राज्यातून गाडी घेऊन इथे राहायला आला असाल, तर रहिवासी झाल्यापासून वीस दिवस.

स्मॉगबद्दल एक पक्कं लक्षात ठेवा: दाखला देणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. "तुम्हीच करून घ्या, शंभर डॉलर कमी देतो," असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. तपासणीत गाडी नापास झाली तर दुरुस्तीचा खर्च त्या शंभर डॉलरांच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो. गाडी चार मॉडेल वर्षांपर्यंतची असेल तर दाखला लागत नाही, छोटी फी भरून काम होतं. इलेक्ट्रिक गाडीला स्मॉग नाहीच.

३. थकबाकी गाडीच्या मागे येते, माणसाच्या नाही

इथे आम्ही स्वतः अडकलो होतो. पहिली कोरोला एका गृहस्थांकडून घेतली. टायटल स्वच्छ, इंजिन उत्तम, किंमत रास्त. मागच्या प्लेटवरचा स्टिकर मात्र गेल्या वर्षीचा होता, आणि तो बघायचा असतो हे आम्हाला माहीत नव्हतं. डीएमव्हीच्या खिडकीशी गेल्यावर कळलं की आधीच्या मालकाने रजिस्ट्रेशन भरलेलंच नव्हतं. तिथल्या बाईंनी समजावून सांगितलं की थकलेली फी गाडीवर चढते, गाडी ज्याच्या नावावर होणार त्याने ती भरायची. आम्हाला थकबाकीची कल्पना नव्हती असं लेखी दिल्यावर दंड माफ झाला. मूळ फी आमच्याच खिशातून गेली. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं होतं.

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेट उघडण्याआधी मागे जाऊन स्टिकरवरचा महिना आणि वर्ष वाचा. मग डीएमव्हीच्या संकेतस्थळावरच्या फी कॅल्क्युलेटरमध्ये गाडीचा नंबर घालून किती भरावं लागेल ते बघा. बाकी दिसली तर ती किमतीतून वजा करून घ्या. इथे प्लेट आणि रजिस्ट्रेशन गाडीबरोबरच जातात, त्यामुळे रजिस्ट्रेशनचे महिने शिल्लक असतील तर त्यांचा लाभही तुम्हालाच मिळतो.

४. यूज टॅक्स: सगळ्यात मोठा आकडा

डीलरकडून घेतली तर विक्रीकर बिलातच असतो. खासगी माणसाकडून घेतली की तोच कर 'यूज टॅक्स' या नावाने डीएमव्हीच्या खिडकीवर भरायचा. ती खिडकी फक्त वसुली करते, पैसे राज्याच्या कर खात्याकडे जातात. दर तुमच्या पत्त्यावरून ठरतो, गाडी कुठे घेतली त्यावरून नाही. राज्यभर किमान ७.२५ टक्के, त्यावर काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आणि शहराची भर. १२,००० डॉलरच्या गाडीला किमान ८७० डॉलर, आणि बे एरियात याहून जास्तच. गाडीची किंमत ठरवताना ही रक्कम बाजूला काढून ठेवा. पहिल्या महिन्यांत डिपॉझिट, फर्निचर आणि गाडी एकदम आल्यावर हजार डॉलरची चणचण फार भासते.

वाटप असं होतं. त्या ७.२५ मधले ६ टक्के राज्याचे. त्यातले ३.९३७५ टक्के राज्याच्या सर्वसाधारण निधीत आणि उरलेले ठरावीक स्थानिक कामांच्या निधींत, म्हणजे सार्वजनिक सुरक्षा, आरोग्य, समाजसेवा यांना. राहिलेले १.२५ टक्के स्थानिक: १ टक्का शहराला किंवा काउंटीला, पाव टक्का काउंटीच्या वाहतूक कामांना. पत्त्यानुसार जी भर पडते ती बहुतेक मतदारांनी मतपत्रिकेवर मंजूर केलेली असते.

इथले सापळे तीन.

पहिला म्हणजे पावतीवर किंमत कमी लिहिणं. ओळखीतले लोक सहज सुचवतात. ते खोटं प्रतिज्ञापत्र ठरतं, आणि व्हिसावर असलेल्या माणसाने हा धोका चार-पाचशे डॉलरसाठी पत्करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा नात्यातल्या व्यवहाराचा. नवरा-बायको, आईवडील-मुलं, आजीआजोबा-नातवंडं यांच्यातल्या व्यवहाराला हा कर नाही. मोठ्या वयाच्या भावाने भावाला गाडी विकली तर मात्र कर लागतो. खरोखर भेट दिली असेल तर लागत नाही, पण तसं लेखी सांगावं लागतं.

तिसरा ओरेगॉनचा. तिथे विक्रीकर नाही, म्हणून नवी कोरी गाडी तिकडून आणायचा विचार दर दुसऱ्या माणसाच्या मनात येतो. गाडी इथे वापरायला आणली की यूज टॅक्स लागतोच. शिवाय ती कॅलिफोर्नियाच्या प्रदूषण मानकांची नसेल आणि घेताना ७,५०० मैलांपेक्षा कमी चाललेली असेल, तर इथल्या रहिवाशाला ती इथे रजिस्टरच करता येत नाही. आधीपासून दुसऱ्या राज्यात राहून तिथे रजिस्टर केलेली गाडी घेऊन इथे स्थलांतर केलं, तर ती गोष्ट वेगळी.

५. वर्षाचं बिल ओळीओळीने वाचा

आता बाबांची टिंबं. प्रत्येक ओळ म्हणजे एक वेगळं लेखाशीर्ष.

रजिस्ट्रेशन फी आणि हायवे पेट्रोल फी. या दोन्ही रकमा गाडी दहा हजाराची असो की लाखाची, सारख्याच. महागाईप्रमाणे वाढतात, म्हणून आकडा दरवर्षी कॅल्क्युलेटरवरच बघा. पैसे राज्याच्या मोटार वाहन निधीत जातात, आणि त्यातून डीएमव्ही व हायवे पेट्रोल, म्हणजे सीएचपी, चालतं. राज्याच्या हवा प्रदूषण मंडळालाही थोडा वाटा आहे. पगार वगैरे, बाबांच्या भाषेत आस्थापना खर्च.

व्हेइकल लायसन्स फी. नाव फसवं आहे. तुमच्या ड्रायव्हिंग लायसन्सशी हिचा काही संबंध नाही. ही गाडीवरची घरपट्टी समजा. पूर्वी गाडीवर स्थानिक मालमत्ता कर लागायचा. १९३५ मध्ये तो काढून त्याच्या जागी राज्याने ही एकच फी आणली. दर गाडीच्या किमतीच्या ०.६५ टक्के. किंमत म्हणजे तुम्ही ज्या किमतीला घेतली ती, आणि पुढे ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे घटत जाणारी: पहिल्या वर्षी १००, मग ९०, ८०, ७०, ६०, ५०, ४०, ३०, २५, २० आणि अकराव्या वर्षापासून १५ टक्के.

आमच्या १२,००० च्या उदाहरणात पहिल्या वर्षी साधारण ७८ डॉलर, पाचव्या वर्षी ४७ च्या आसपास, अकराव्या वर्षी जेमतेम १२. तुम्ही ती गाडी विकली की नव्या मालकासाठी त्याच्या खरेदी किमतीपासून कोष्टक पुन्हा सुरू.

इथे एकदा राज्यपाल बदलला, त्यात या ओळीचाही वाटा होता. दर अनेक दशकं २ टक्के होता. १९९९ पासून तो टप्प्याटप्प्याने ०.६५ वर आला. २००३ मध्ये राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला आणि दर पुन्हा २ टक्क्यांवर गेला. त्याच वर्षी राज्यपाल ग्रे डेव्हिस यांना मतदारांनी मुदतीआधीच मतदानाने पदावरून हटवलं, त्यामागच्या मोठ्या रागांपैकी हा एक. अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी १७ नोव्हेंबर २००३ रोजी, पदभार घेतला त्याच दिवशी, ती वाढ रद्द केली. पण शहरं आणि काउंट्या या पैशांवर चालत होत्या. मग २००४ मध्ये राज्याने त्यांना त्याबदल्यात मालमत्ता कराचा वाढीव वाटा दिला.

ही रक्कम रस्त्यांना जात नाही. इथेच बहुतेकांचा गैरसमज असतो, माझाही होता. १९९१ मध्ये राज्याने काही सेवांची जबाबदारी काउंट्यांकडे सोपवली, त्या फेररचनेनुसार तिचा मोठा हिस्सा काउंट्यांकडे आरोग्य, मानसिक आरोग्य आणि समाजसेवांसाठी जातो. २०११ पासून एक भाग स्थानिक पोलीस आणि कायदा-सुव्यवस्थेच्या अनुदानांना मिळतो. काउंटीच्या सरकारी दवाखान्यात कुणी उपचार घेत असेल तर त्यामागे या ओळीतलेही पैसे असू शकतात. बाबांना ही ओळ सगळ्यात आवडली. "म्हणजे वाहन करातून आरोग्य," म्हणाले, आणि टिंबाभोवती गोल काढला.

ट्रान्सपोर्टेशन इम्प्रूव्हमेंट फी. हीच खरी रस्त्यांची ओळ. २०१७ च्या सिनेट बिल १ ने आणली, १ जानेवारी २०१८ पासून लागू. सुरुवातीला गाडीच्या किमतीनुसार २५, ५०, १००, १५० आणि १७५ डॉलर असे पाच टप्पे होते. २०२० पासून ते महागाईप्रमाणे वाढतात. आधी वर्षाला ३५ कोटी डॉलर सार्वजनिक वाहतुकीला आणि २५ कोटी गर्दीच्या मार्गांवरच्या कामांना काढले जातात. उरलेले रस्ते दुरुस्तीच्या खात्यात. त्या खात्यात पेट्रोलवरचा वाढीव करही येतो, आणि काही ठरलेल्या रकमा वगळल्या की शिल्लक निम्मी राज्याच्या महामार्गांना, निम्मी शहर-काउंट्यांच्या रस्त्यांना. हे पैसे दुसरीकडे वळवता येऊ नयेत म्हणून जून २०१८ मध्ये मतदारांनी राज्यघटनेतच तशी तरतूद केली. त्याच नोव्हेंबरात हा सगळा कायदाच रद्द करायचा प्रस्ताव आला, तो मतदानात पडला.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर आणखी एक ओळ दिसेल: रोड इम्प्रूव्हमेंट फी. २०२० आणि नंतरच्या मॉडेलांना जुलै २०२० पासून वर्षाला १०० डॉलर, तेही महागाईप्रमाणे वाढणारे. पेट्रोल कर भरत नाही, तर रस्त्याचा वाटा असा द्या, हे त्यामागचं गणित. ती नूतनीकरणाच्या वेळी लागते, म्हणून पहिल्या वर्षीच्या बिलात नव्हती आणि दुसऱ्या वर्षी आली तर चूक झाली असं समजू नका.

स्मॉग अबेटमेंट फी. आठ मॉडेल वर्षांपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना दोन वर्षांनी करायची तपासणी माफ असते, तिच्या जागी ही फी. गाडी जुनी झाली की फी थांबते आणि तपासणी सुरू होते.

काउंटीच्या चिल्लर ओळी. थोडक्या डॉलरच्या असतात, पण प्रत्येकीचं काम ठरलेलं: महामार्गावरचे मदतीचे फोन आणि तशा सेवा, बेवारस गाड्या उचलणं, बोटांचे ठसे ओळखण्याची पोलीस यंत्रणा, हवेची गुणवत्ता. सांता क्लारा काउंटीत आणखी १० डॉलर आहेत. ते नोव्हेंबर २०१० मध्ये मतदारांनी मंजूर केले, बहुतांश स्थानिक रस्त्यांसाठी. त्याच वेळी अलामीडा, मरीन, सान मटेओ आणि सॅन फ्रान्सिस्को यांनीही मंजूर केले, म्हणून मिल्पिटासहून फ्रीमॉंटला राहायला गेलात तरी ही ओळ सुटत नाही.

पिकअप ट्रक घ्यायचा विचार असेल तर एक इशारा. कॅलिफोर्नियात पिकअप व्यावसायिक वाहन धरला जातो, घरच्या वापराला घेतला तरी. त्याला वजनाप्रमाणे वेगळी फी लागते, आणि ती रक्कम वाहतूक रोख्यांचं कर्ज फेडायला वापरली जाते. त्याच किमतीच्या सेडानपेक्षा पिकअपचं बिल जास्त येतं ते यामुळे.

६. आयकरात फक्त एकच ओळ

पूर्ण बिल वजावटीत दाखवणारे बरेच भेटतात. संघराज्याच्या आयकरात वजावट मिळते ती फक्त व्हेइकल लायसन्स फीची, कारण तीच किमतीवर आधारलेला मालमत्ता कर आहे. तीही प्रमाणित वजावट न घेता खर्च एकेक करून दाखवत असाल तरच, आणि राज्य-स्थानिक करांच्या एकूण मर्यादेत. घरकर्ज नसलेल्या नव्या माणसाला याचा बहुधा उपयोग होत नाही. तरी नोटिशीचा फोटो काढून ठेवा, त्यावर ती रक्कम वेगळी दिलेली असते.

७. खड्डा दिसला तर कुणाला सांगायचं

आमच्या घरापासून ऑफिसपर्यंतच्या वीस मिनिटांत रस्त्याचे तीन मालक लागतात. घरासमोरचा रस्ता सनीव्हेल शहराचा. लॉरेन्स एक्स्प्रेसवे काउंटीचा. एल कॅमिनो रिअल आणि १०१ महामार्ग राज्याचे, म्हणजे कॅलट्रान्स या राज्याच्या वाहतूक खात्याचे. तक्रारीचे अर्जही तीन वेगळे. चुकीच्या दारात गेलेली तक्रार पुढे जाईलच असं नाही, म्हणून आधी रस्ता कुणाचा ते बघा. आमच्या कोपऱ्यावरचा खड्डा शहराच्या संकेतस्थळावर फोटोसकट कळवला आणि दुसऱ्याच आठवड्यात भरून निघाला.

८. पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवा

नोटीस मुदतीच्या साधारण दोन महिने आधी येते. पहिल्या वर्षात माणसं दोन-तीन अपार्टमेंट बदलतात, आणि नोटीस जुन्या पत्त्यावर पडून राहते. नोटीस मिळाली नाही, हे कारण डीएमव्ही धरत नाही. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून दंड सुरू होतो आणि टप्प्याटप्प्याने चढतो. पत्ता ऑनलाइन बदलता येतो, आणि मुदतीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

९. बरेच महिने भारतात जाणार असाल तर

बाळंतपण, व्हिसाचं काम, आईवडिलांचं आजारपण, कारणं अनेक. गाडी त्या काळात चालणारच नसेल आणि नूतनीकरणाची तारीख मध्ये येत असेल, तर 'प्लॅन्ड नॉन-ऑपरेशन' नोंदवा. थोडक्या पैशांत काम होतं, आणि वर लिहिलेल्या बहुतेक ओळी त्या वर्षी लागत नाहीत. हे मुदत संपण्याआधी करायचं. अट एकच पण कडक: गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायची नाही आणि उभीही करायची नाही. अपार्टमेंटच्या आवारातली स्वतःची जागा चालते, समोरच्या रस्त्याची कड चालत नाही. विमा थांबवायचा असेल तर गाडी वापरात नसल्याचं डीएमव्हीला वेगळं कळवावं लागतं, नुसती विमा कंपनीला फोन करून भागत नाही. परत आलात की पूर्ण फी भरूनच गाडी बाहेर काढा. त्याआधी स्मॉगला न्यायची असेल, तर डीएमव्हीकडून एका दिवसाचा परवाना मागून घ्या.